काढ आता

सकाळचे साडेसात वाजलेत. साताऱ्यात मोती चौकाच्या अलीकडे, एका पेढ्याच्या दुकानासमोर गाडी लावून मी आत बसलोय. आत्या शाल डोक्यावरून घेऊन बाहेर रस्त्याच्या कडेला उभी आहे. दुकानाचं शटर अर्धंच वर आहे. त्याखालून पिवळा उजेड आणि खवा भाजल्याचा वास बरोबरीनेच बाहेर येतोय. वर अजिंक्यतारा धुक्यात अर्धा बुडालाय. आत्या ना किल्ल्याकडे बघते ना माझ्याकडे. नाक जरासं वर करून ती वास घेतेय, लांबून येणाऱ्या एसटीची पाटी वाचावी तशी.

"चल की आत्या, गारठा बाधेल."

"थांब जरा. अजून उतरवली नाही त्यांनी."

"काय?"

"कढई."

उद्या भोगी. आठ दिवसांचं माहेरपण आटोपून आत्या सांगलीला निघालीय. भोगीला आपल्या घरात आपल्या हातची भाजी-भाकरी झाली पाहिजे, यावर ती अडून बसलीय. सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. मी अडीच तास धरले होते. आत्याचा हिशेब तासांत नसून थांब्यांत आहे, हे मला आत्ता पहिल्याच थांब्यावर उमगतंय.

आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येतो आणि थांबतो. "हां," म्हणून आत्या शटरखालून वाकून सरळ आत शिरते. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई गुडघ्यांची तक्रार विसरते ती अशी. तिच्यामागून मी.

मागच्या बाजूला भट्टी आहे. तिच्याशेजारी उतरवलेल्या कढईत खवा अजून फसफसतोय. कारागीर लांब दांड्याच्या उलथन्याने तो कडेवरून खरवडून मध्ये ओढतोय, पुन्हा कडेला पसरतोय. भट्टी बंद झाली तरी हात थांबलेला नाही. कढई तापलेली असते, आता थांबलं तर खालचा थर पुढे जाईल, असं तो आमच्याकडे न बघताच सांगतो. पुढे जाईल म्हणजे करपेल. पण भट्टीसमोर उभं राहून तो शब्द कुणी उच्चारत नाही.

म्हशीच्या दुधाचा पांढरा खवा पाहिलेल्या माणसाला हा रंग ओळखू येणार नाही. गव्हाच्या भाजलेल्या पिठाच्याही पुढे गेलेला, विटकरीच्या अलीकडे थांबलेला. साखर बेताची, वेलदोडा जेमतेम. साताऱ्याच्या कंदी पेढ्यात गोडीपेक्षा भाजणं मोठं. मथुरेचा पेढाही तांबूस असतो, पण तो साखरेत घोळून, नटून येतो. हा आपला बिनपावडरीचा. पाणी आटवून खवा एवढा कोरडा केलेला असतो की डबा प्रवासात चार दिवस सहज टिकतो. साताऱ्याहून पाहुण्याकडे जायचं तर दुसरं काय न्यायचं, हा प्रश्नच त्यामुळे निकालात निघालाय. मोदी आणि लाटकर या पेढेवाल्यांची नावं गावाबाहेर पोचली तीही पाहुण्यांच्या पिशव्यांतूनच.

'कंदी' कशावरून? गावात ठरलेली गोष्ट अशी की गोऱ्या साहेबाने खाल्ला, 'कँडी' म्हणाला आणि ते चिकटलं. मला या गोष्टीतला साहेब आवडतो, पण ती खरी मानायला जीभ तयार होत नाही. साहेबाची कँडीच मुळात फ्रेंचांकडून आली, त्यांना अरबांकडून, अरबांना इराणी 'कंद'मधून आणि त्याच्या तळाशी आपली संस्कृत 'खंड', म्हणजे खडीसाखर. तेव्हा साहेब तसं म्हणाला असेलच, तर आपली उसनी नेलेली वाटी त्याने परत केली, एवढंच. मी हे मोठ्या उत्साहाने आत्याला सांगतो. तिच्या हातावर कारागिराने वानगीला ठेवलेला गरम गोळा आहे. ती डोळे मिटून तो टाळूला लावते.

"काय म्हणत होतास?"

"काही नाही."

दूध तापवत राहिलं की त्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांना धरतात आणि हा रंग, हा वास तयार होतो. १९१२ साली लुई-कामिल मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव मिळालं. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले दाणे, तव्यावरची भाजणी, सगळीकडे मायारसाहेब हजर. मात्र कढई कधी उतरवायची, ते त्यांनी सांगितलेलं नाही. इथेच माझं घोडं पेंड खातं.

मी स्वयंपाक आवडीने करतो आणि कांदा हमखास करपवतो. गुलाबीपर्यंत सगळं ठीक असतं, तांबूसही मी नीट ओळखतो. पण 'अजून थोडा' असं म्हणून मागे वळून मीठ शोधेपर्यंत कढईत काळे तारे चमकायला लागलेले असतात. बायकोने या प्रकाराला 'तुमचा स्मोकी फ्लेवर' असं नाव देऊन त्याची वाट लावलीय. आत्याला ही ख्याती ठाऊक आहे. आठ दिवसांत तिने मला एकदाही फोडणीला हात लावू दिलेला नाही.

पेढे अर्धा किलो सांगलीला, पाव किलो वाटेत. वाटेतल्या पाव किलोची गाठ पोवई नाक्यावरच सुटते.

हायवेला लागल्यावर ऊस दिसायला सुरुवात होते, शेतातही आणि रस्त्यावरही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर वाड्यासकट डुलणाऱ्या मोळ्या आणि ट्रॅक्टरवाल्याच्या कर्ण्यातून रस्त्याभर सांडणारं गाणं. तासवड्याचा टोलनाका, मग कऱ्हाड. इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, तो प्रीतिसंगम आणि शेजारी यशवंतराव चव्हाणांची समाधी. आत्या गाडीतूनच हात जोडते. हात यशवंतरावांना, नदीला की घाटावरच्या भेळेला, हे विचारायचं नसतं. सकाळच्या वेळी भेळेच्या गाड्या नसतात म्हणून आमचा निभाव लागतो.

पेठ नाक्याच्या आसपास आम्ही दुसऱ्यांदा थांबतो. वेळ अकराची. न्याहारीला उशीर, जेवणाला लवकर. पण आत्याच्या मते धाब्यावर याच वेळी जावं, मसूर पहिल्या उकळीचा मिळतो. या पट्ट्यात पाट्या वाचत गेलं तर एकच पदार्थ सारखा डोळ्यांसमोर येतो: अख्खा मसूर. तांबड्या अक्षरांत, पिवळ्या अक्षरांत, कुठे 'स्पेशल', कुठे 'फेमस', कुठे फक्त बाण. इस्लामपूर-कऱ्हाडकडच्या माणसाला याचं काही वाटत नाही, पण पहिल्यांदा येणारा बुचकळ्यात पडतो. मटणाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलखात एका कडधान्याचा एवढा थाट कसा?

थाट कसा ते पुढ्यात आल्यावर कळतं. स्टीलच्या खोलगट ताटलीत सालासकट शिजलेला मसूर. दाणा न् दाणा वेगळा दिसतोय, पण बोट लावलं की लोण्यासारखा. वर तांबडा तवंग आणि त्यावर कोथिंबीर. बाजूला उभा चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि तंदुरी रोटी, तिच्या फुगलेल्या पाठीवर काळे ठिपके. रोटी लाकडासारखी होण्याआधी संपवायची असते, म्हणून पहिली पाच मिनिटं टेबलावर कुणी बोलत नाही.

पाच मिनिटांनी आत्या बोलते.

"घरात मी दोन दिवस लागोपाठ मसुराची आमटी केली तर तुझे काका तोंड वाकडं करायचे. इथं पैसे मोजून कशी मुकाट खातात बघ माणसं."

"तू पण खातेसच की."

"मी बघतेय, काय घातलंय ते." आणि ती आणखी एक रोटी मागवते.

बघण्याचं काम खरंच चाललंय. तवंगात तर्जनी बुडवून ती जिभेवर ठेवते, मग पोऱ्याला हाक मारते. "बाळा, चटणी कुठली रे तुमची?"

पोऱ्या लगेच समजतो. "घरची हाय मावशी. आई करती." पुण्याचा असता तर त्याने खोबऱ्याची वाटी आणून ठेवली असती. सातारा-सांगलीकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, वर्षाच्या बरणीतला, भाजी-आमटी-रस्सा सगळ्यांत पडणारा. माझी बायको पुण्याची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिला आईने स्वयंपाकघरातून सांगितलं, "वांग्यात दोन चमचे चटणी घाल." तिने फ्रिजमधली इडलीची चटणी दोन चमचे, मोजून, वांग्यात घातली. त्या वांग्याचं आमच्या घरात अजून नाव निघतं.

ही चटणी उन्हाळ्यातली. एप्रिल-मे तापला की गच्चीवर मिरच्या पडतात. रंगाला ब्याडगी, झणक्याला दुसरी एखादी, प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं आणि बहुधा गुप्त. कांदा उभा चिरून उन्हात वाळवायचा, मग तेलात तळायचा. खोबरं भाजायचं, तीळ-धने-खसखस भाजायची, गरम मसाला परतायचा, लसूण सोलता सोलता बोटं पोळून घ्यायची. हे सगळं डब्यांत भरून डंकावर कुटायला न्यायचं. तिथे चार गल्ल्यांच्या बायका नाकाला पदर लावून रांगेत बसलेल्या असतात. खोकल्यांच्या मधून गावाच्या बातम्या चालू राहतात. घरी आल्यावर मसाला बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे. म्हणजे आत्ता या ताटलीत दिसतोय तो तांबडा तवंग आठ महिन्यांपूर्वीच्या उन्हाचा आहे.

"कांदा बरोबर तळलाय तिने," आत्या शेवटी निकाल देते. "एक घाणा गेलाय पुढं, पण चालतंय." तवंगावरून एका घाण्याचा पत्ता कसा लागतो, हे मी विचारत नाही. मला अजून माझ्याच कढईतला कांदा दिसत नाही.

पोऱ्या आईला सांगतो म्हणतो. पैसे देताना बडीशेपेच्या वाटीतून आत्या मूठभर उचलते आणि रुमालात बांधते.

पेठ नाक्यावर हायवे सोडून आम्ही सांगलीच्या रस्त्याला वळतो. इस्लामपूर मागे टाकताना मळीचा वास काचा बंद असूनही आत येतो. कारखाने पेटलेत. या वासाला नवखा माणूस नाक मुरडतो, इकडचा माणूस त्यात उसाचा हप्ता हुंगतो. आत्या म्हणते, वास चांगला पण पोट भरल्यावर नको. आष्ट्याच्या पुढे ती एकदम ओरडते, "थांब थांब थांब!" मी ब्रेक दाबतो. मागचा ट्रॅक्टरवाला माझ्या घराण्याचा उद्धार करत बाजूने निघून जातो.

रस्त्याच्या कडेला पोत्यावर वांगी मांडलीत. कृष्णाकाठची. पलीकडे भाजीवाली बाई आणि तिच्या मांडीवर वह्या पसरून बसलेली लहान मुलगी. आत्या उकिडवी बसते आणि वांगी निवडायला घेते. एकेक वांगं हातात तोलायचं. दिसायला मोठं पण हलकं असेल तर आत बी कमी, ते भरताला. लहान, जड, देठाला हिरवं गच्च असेल ते उद्याच्या भाजीला. कृष्णेच्या गाळात वाढलेल्या वांग्याची साल पातळ, गर लोण्यासारखा आणि वातूळपणा नाही, असं इकडचं प्रत्येक माणूस सांगतं. ते सांगताना इतर नद्यांच्या काठी राहणाऱ्यांबद्दल थोडी कीव त्याच्या आवाजात असते. मी वाढलो तो साताऱ्यात, तिथेही माहुलीला कृष्णाच आहे. पण सांगलीकरांच्या मते वांग्यापुरती कृष्णा कऱ्हाडच्या खालीच सुरू होते.

"पावटा कसा?" आत्या विचारते. मग ओला हरभरा, गाजर, घेवडा. भोगीच्या भाजीचं सगळं सामान इथेच जमतं. बाजरीचं पीठ आणि तीळ घरी आहेत. भाव करताना ती बाईला 'ताई' म्हणते, पिशवी भरल्यावर 'पोरी', आणि निघताना त्या मुलीच्या हातावर कंदी पेढा ठेवते. वाटेतल्या पाव किलोपैकी तो शेवटचा. बाकीचे कुणी खाल्ले यावर गाडीत दोन मतं आहेत.

सांगलवाडी येते आणि समोर आयर्विन पूल. १९२९ सालचा. संस्थान गेलं, साहेब गेले, पूल आणि त्याच्यावरचं इंग्रजी नाव राहिलं. खाली कृष्णा जानेवारीतली, शहाण्या मुलासारखी कडेने चाललेली. पण दर पावसाळ्यात अख्खं शहर याच पुलाखाली पाणी किती चढलं ते विचारत असतं: चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सत्तावन्न फुटांवर गेलं होतं.

आत्याचं घर गावभागात. जिन्याच्या पाचव्या पायरीच्या वर भिंतीवर पुराची रेघ अजून आहे. दोनदा रंग देऊनही पावसाळ्यात ती उमटते. त्या ऑगस्टमध्ये पाणी गल्लीत शिरलं तेव्हा शेजारची पोरं सगळ्यांना वर चला म्हणून ओरडत होती. घराची कागदपत्रं, पासबुकं, काकांचा फोटो, सगळं राहू देऊन आत्या आधी काय घेऊन वर गेली, तर चटणीची बरणी. मे महिन्यात कुटलेली, नुकती मुरलेली, पाच किलोची. कागद दुसऱ्या खेपेला. यावर तिला कुणी हसलं की ती म्हणते, कागदाची नक्कल मिळते. वरच्या मजल्यावर चार कुटुंबं अडकली होती, आणि तांदूळ-डाळीशिवाय कुणाकडे काही नव्हतं. त्या दिवसांत सगळ्यांच्या आमटीला चव होती ती एका बरणीची. आत्या हे कधी स्वतःहून सांगत नाही. आत्ताही नाही. तिने कुलूप काढलंय आणि ती आधी स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडतेय. मग फडताळातून तीच बरणी खाली काढून, झाकण उघडून, तिची ख्यालीखुशाली घ्यावी तशी आत डोकावतेय.

चार वाजतात. मला संध्याकाळच्या आत साताऱ्याला निघायचंय, असं मी तिसऱ्यांदा म्हणतो.

"भडंग खाल्ल्याशिवाय कुणी सांगलीतून जातं का?"

भडंगावर सांगलीचा हक्क आहे. जयसिंगपूरचाही आहे. त्यात मी पडत नाही, पाहुण्याने पडू नये. पाकिटातला विकतचा भडंग दोन्हीकडे उत्तम मिळतो आणि आत्याला तो चालत नाही. टपोरे चिरमुरे ती मोठ्या पातेल्यात मंद गॅसवर गरम करायला ठेवते. दाणे तेलात तळून ठेवलेले. एका गॅसवर तिने भरताचं वांगं ठेवलंय, आणि ते सालीने बिनदिक्कत काळं होतंय. आजच्या दिवसात करपायची परवानगी असलेलं हे एकटंच. त्याची साल फुटते, आतून वाफेची शिट्टी येते, गर ज्योतीवर गळतो आणि सगळ्या घराला धूर लागतो. आत्या त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

तिचं लक्ष लसणाच्या पाकळ्यांवर आहे. सालासकट ठेचलेली मूठभर लसूण. भडंगाचा जीव त्यात. दाताखाली कडकन मोडली पाहिजे, कडू लागता कामा नये. तेल तापलंय. ती झारा माझ्या हातात देते.

"मी?"

"मग कोण? माझ्या डोळ्यांना आता रंग दिसत नाही नीट." आणि ती परसात तुळशीला पाणी घालायला निघून जाते.

मी लसूण सोडतो. तेल उसळतं, पाकळ्या बुडतात, वर येतात. पांढऱ्या, मग पिवळसर. मी मान वळवत नाही. मीठ कुठे आहे ते बघायला जात नाही, मोबाइल वाजतोय तो वाजू देतो. फेस मोठा असतो, मग बारीक होतो. चुरचुर चालू आहे, जरा मोठी, आता जरा कमी. कडांना सोनेरी रेघ आलीय. अजून थोडा, असं मनात येतंच.

"काढ आता!" परसातून.

झारा तेलात जातो. पहिल्या उचलीत बऱ्याच येतात, दुसऱ्यात उरलेल्या. चार-पाच पाकळ्या कढईच्या कडेला चिकटून राहतात. त्या सोडवेपर्यंत त्यांचा रंग पुढे गेलेला असतो. त्याच तेलात आत्या, ओल्या हातांनीच येऊन, हळद टाकते, मीठ, चटणी, किंचित पिठीसाखर. पातेल्यातल्या चिरमुऱ्यांवर ती फोडणी ओतते आणि पातेलं दोन्ही हातांनी धरून असं उडवते की एकही दाणा बाहेर पडत नाही. दाणे, लसूण, वरून बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबू.

"तुला परसातून कसं कळलं?"

"आवाज बारीक झाला की."

आम्ही ओट्याला टेकून उभ्यानेच खातो. वांगं आता पूर्ण खचलंय. ताटाखाली झाकून आत्याने त्याला गार व्हायला ठेवलंय. ते तू डब्यात घेऊन जा, बायकोला माझं नाव सांग, असं ती सांगते. मी तोंडभर भडंगाने 'हो' म्हणतो. लसूण कडकन मोडते, गोडसर लागते. दुसरीही तशीच.

आत्या तिच्या ताटलीत बोट फिरवतेय. एक, दोन, तीन, चार. काळ्या पडलेल्या पाकळ्या एकेक करून ती वेचते आणि काही न बोलता माझ्या ताटलीत ठेवते.